डिलीट केलं म्हणजे पुसलं असं नाही

मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह, एसएसडी (लॅपटॉपमधला फिरता भाग नसलेला ड्राइव्ह), लॅपटॉपची बायोस चिप (लॅपटॉप चालू करणारा प्रोग्राम असलेली), यातलं काहीही घेऊन आलात की आमच्या काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला, "डेटा गेल्यानंतर यावर काही केलंत का?" बऱ्याच जणांना वाटतं पोरगं उगाच चौकशा करतंय. तसं नाहीये, म्हणून हे पत्रक.

या सगळ्यांत फ्लॅश चिप असते. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८०च्या दशकात शोधली, आणि फ्लॅश हे नावच मुळी पुसण्यावरून पडलं, कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा तसं एका झटक्यात साफ. आत बारीक बारीक कप्पे असतात आणि त्यात इलेक्ट्रॉन कोंडलेले. कोंडले की ०, काढले की १. लिहिणं म्हणजे १ चा ० करणं, ते थोडं थोडं जमतं. उलटं मात्र सुटं सुटं होत नाही, ० चा १ करायचा तर अख्खा ब्लॉक (कप्प्यांचा मोठा गट) रिकामा करावा लागतो, कारण इलेक्ट्रॉन बाहेर ओढायला साधारण २० व्होल्ट लागतात (बाहेरून ३.३ च मिळतात, बाकीचे चिप स्वतःच आत पंप करून बनवते) आणि हे व्होल्ट ज्या तळाला द्यायचे तो सगळ्या कप्प्यांच्या खाली एकच पसरलेला असतो. त्यामुळे कोरी चिप वाचली की सगळीकडे एफएफ (म्हणजे सगळे १) दिसतं, शून्य नाही. आमच्याकडे शिकायला येणारी पोरं इथे हमखास फसतात.

आता आपल्या नाशिकच्या गंगेवरचं, म्हणजे गोदावरीच्या घाटावरचं बघा. धरणातून पाणी सोडणार अशी बातमी आली की टपरीवाले आधी आपापलं सामान वर नेऊन ठेवतात, मग पाणी येतं आणि घाट धुऊन निघतो, अमक्याची टपरी सोडून दे असं पाण्याला सांगता येत नाही. एसएसडीतला कंट्रोलर (ड्राइव्हचा कारभार बघणारी चिप) हेच करतो. ब्लॉकमधली कामाची पानं (ब्लॉकचे छोटे भाग) आधी दुसरीकडे हलवतो, मग ब्लॉक पुसतो. एक ब्लॉक पुसायला काही मिलिसेकंद लागतात, वाचायच्या मानाने हे फारच हळू, म्हणून कंट्रोलर ते टाळत राहतो. तुम्ही फाइल डिलीट केली तर फक्त यादीतलं नाव जातं, माल तिथेच पडून.

म्हणूनच आमचा प्रश्न. लग्नाचे फोटो चुकून डिलीट झाले तर कार्ड तिथल्या तिथे काढा आणि बाजूला ठेवा, परत एक फोटोसुद्धा काढू नका, साधं फॉरमॅट झालेलं असलं तरी बऱ्याचदा डेटा निघतो. कॅमेऱ्यात लो लेव्हल फॉरमॅट मारलं असेल तर मात्र आशा कमी, कारण तिथे खरंच पुसायची कमांड जाऊ शकते. एसएसडीचं अजून अवघड. विंडोज ७ पासून ट्रिम नावाची सोय आहे, डिलीट केलं की विंडोज ड्राइव्हला कळवतं की ही जागा आता नको, आणि ड्राइव्ह फावल्या वेळात ती पुसून टाकतो, तुम्ही काही न करता नुसता लॅपटॉप चालू ठेवलात तरी. तेव्हा आधी बंद करा, मग फोन करा. दोन दिवस यूट्यूब बघून सगळे उपाय करून झाल्यावर आणलेल्या एसएसडीला आम्ही फारसं काही करू शकत नाही, राग नसावा.

प्रत्येक पुसण्यात कप्प्याभोवतीचा पातळ थर थोडा झिजतो. जुन्या एसएलसी (एका कप्प्यात एकच बिट ठेवणाऱ्या) चिपा साधारण १ लाख वेळा पुसणं सहन करायच्या, आत्ताच्या टीएलसी (एका कप्प्यात तीन बिट) १ ते ३ हजार. सीसीटीव्हीत साधं स्वस्त कार्ड टाकलं तर ते लवकर का मरतं याचं उत्तर हेच, चोवीस तास जुनं पुसून नवं लिहिणं चालूच. अंबड-सातपूरच्या कंपनीवाल्यांनी मशीनवरच्या कार्डाचा बॅकअप काढून ठेवावा हे आम्ही सांगून सांगून थकलो.

बायोसची चिप फ्लॅशच, पण वेगळ्या जातीची, नॉर नावाची. ८ एमबीच्या नेहमीच्या आठ पायांच्या चिपेत ४ केबीचा तुकडा पुसायला ४५ मिलिसेकंदाच्या आसपास, पण अख्खी चिप पुसायला २० सेकंद आणि कधी दीड मिनिटापर्यंत. त्यामुळे "अजून झालं नाही का" म्हणून वायर हलवू नका. आम्ही आधी जुन्याची कॉपी घेतो, मग पुसतो, कोरी झाली का तपासतो, लिहितो, परत ताडून बघतो. कॉपी घेतल्याशिवाय चिप पुसत नाही कारण लॅपटॉपचा सीरियल नंबर बऱ्याचदा त्यातच असतो.

जुना लॅपटॉप विकताय? एसएसडीवर शून्यं भरून खात्री होत नाही, ती नव्या जागी लिहिली जातात आणि जुनं कुठेतरी राहू शकतं. सिक्युअर इरेज (ड्राइव्हलाच सगळं पुसायला सांगणारी कमांड) मारून घ्या. दुकानात आणलात तर तुमच्या समोर करून देतो, बहुतेक ड्राइव्हचं चहा होईपर्यंत उरकतं.