प्रसूत्युत्तर नैराश्य, पित्यातील : प्रसाविकेचे साहाय्य

बाळाच्या जन्मानंतर पित्याला आलेले नैराश्य वेळीच ओळखणे, त्याला बोलते करणे आणि गरजेप्रमाणे उपचारांकडे पाठवणे, हे प्रसाविकेच्या (बाळंतपण आणि त्यानंतरची देखभाल करणाऱ्या प्रशिक्षित सेविकेच्या, म्हणजे मिडवाइफच्या) कामाचे तुलनेने नवे अंग आहे. मुळात ‘प्रसूत्युत्तर नैराश्य’ ही संज्ञा बाळंतिणीसाठी घडली. ती पित्याला लावावी का, यावर एकमत नाही.

बाळंतिणीच्या शरीरातील संप्रेरके प्रसूतीनंतर एकदम घसरतात, तशी पुरुषाची घसरत नाहीत. म्हणून काही अभ्यासक याला साधे नैराश्यच मानतात. ते बाळाच्या आगमनाशी जुळून आले, इतकेच. मात्र नव्या पित्यांतील टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) घटते, असे फिलिपीन्समधील २०११ च्या अभ्यासात आढळले. त्याचे प्रमाण कमी असलेल्या पित्यांत नैराश्याची लक्षणे अधिक दिसल्याचे २०१७ च्या एका अमेरिकी अभ्यासात नोंदले आहे. तरीही पूर्वी येऊन गेलेले नैराश्य, पत्नीचे नैराश्य, झोपमोड आणि पैशाची ओढाताण ही कारणे अधिक पटण्याजोगी वाटतात.

कालमर्यादेचाही घोळ आहे. डीएसएम-५ (२०१३) या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीप्रमाणे गरोदरपणात किंवा प्रसूतीनंतर ४ आठवड्यांत सुरू झालेल्या नैराश्यालाच प्रसूतीशी जोडले जाते. पित्यांबाबत अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करणाऱ्या २०१० च्या एका संकलित विश्लेषणात सरासरी प्रमाण सुमारे १० टक्के, तर सर्वाधिक प्रमाण ३ ते ६ महिन्यांच्या टप्प्यात आढळले. इंग्लंडमध्ये प्रसाविकेच्या भेटी साधारणतः १० दिवस, गरजेनुसार २८ दिवसांपर्यंत चालतात. म्हणजे आजार भरात येतो तेव्हा तिचे येणे थांबलेले असते. त्यामुळे तिचा खरा उपयोग उपचारापेक्षा पूर्वसूचना देण्यात आणि पुढच्या आरोग्यसेविकेच्या कानावर घालण्यात आहे.

चाचणीसाठी बहुधा एडिंबरो मापनी ही नैराश्याची प्रश्नावली (१९८७; १० प्रश्न, ३० गुण) वापरतात. ती मातांसाठी रचलेली. तिच्यात रडू येण्याबद्दल प्रश्न आहे. पुरुष त्याला सहसा ‘नाही’ म्हणतात. म्हणून ज्या गुणांपासून नैराश्याची शंका घेतात ती मर्यादा पित्यांसाठी खाली आणावी, असे २००१ च्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात सुचवले आहे. चिडचिड, वाढलेले मद्यपान, कामात गाडून घेणे यांबद्दल मापनीत काहीच नाही. ते प्रसाविकेने विचारून घ्यायचे.

प्रत्यक्ष कामाविषयीचे लेखन त्रोटक आहे. बाळाचे वजन करताना, पिता दुपटे धरून उभा असतो तेव्हा, “बाळ झोपल्यावर तरी तुम्हाला झोप लागते का?” असा प्रश्न समोर बसवून केलेल्या चौकशीपेक्षा सहज उत्तर मिळवतो. प्रश्न शक्यतो पत्नीच्या माघारी विचारावा. प्रसाविकेकडील कागद आई आणि बाळाचे असतात; पित्याचे बोलणे त्यात लिहिण्याआधी त्याची परवानगी घ्यावी. आत्महत्येचा विचार येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. होकार आल्यास त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी तातडीची मदत मिळवावी.

पत्नी मानसिक आजारासाठी उपचार घेत असल्यास पित्याचीही तपासणी देऊ करण्याचे धोरण इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केले. एकट्याने आजारी पडलेला पिता त्या निकषात बसत नाही.