फ्रिक्शन फॅक्टर कुठून आला?

पाईप फ्लोच्या गणितात मुलं अडकतात ती हेड लॉसच्या (घर्षणामुळे वाहत्या पाण्याची जी ऊर्जा वाया जाते तिच्या) सूत्रापाशी नाही, सूत्र साधं आहे, अडकतात ती त्यातल्या एफपाशी, म्हणजे फ्रिक्शन फॅक्टरपाशी, पाईप प्रवाहाला किती अडवतो ते सांगणाऱ्या आकड्यापाशी. आणि हा एफ असा का वागतो ते त्याचा इतिहास बघितला की खूप सोपं होतं असं मला मनापासून वाटतं.

आधी प्रोनीचं सूत्र चालायचं, त्यात पाईप आतून गुळगुळीत आहे की खडबडीत याला काही किंमतच नव्हती. 1845 मध्ये जर्मनीत फ्रायबर्गच्या वाइसबाखने हेड लॉस वेगाच्या वर्गाशी, लांबीशी आणि व्यासाशी जोडून आजचं सूत्र मांडलं. पण एफ किती घ्यायचा? दिजों शहराला पाणी आणणारा फ्रेंच इंजिनिअर दार्सी, त्याने नवे-जुने, वेगवेगळ्या मटेरियलचे पाईप तपासून 1857 मध्ये दाखवून दिलं की पाईप कशाचा आहे, किती जुना आहे यावर लॉस बदलतो. म्हणून सूत्राला दोघांचं नाव, दार्सी-वाइसबाख.

मग 1883 मध्ये मँचेस्टरला रेनॉल्ड्सने काचेच्या नळीत रंगाची धार सोडून लॅमिनार (शांत, थरांत वाहणारा) आणि टर्ब्युलंट (घुसळत वाहणारा) फ्लो वेगळे करून दाखवले. लॅमिनारमध्ये एफ म्हणजे 64 भागिले रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले व्यास, भागिले व्हिस्कॉसिटी म्हणजे द्रवाचा चिकटपणा), रफनेसचा, म्हणजे खडबडीतपणाचा, संबंधच नाही. (आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तकांत सूत्रात 4एफ असतो, तिथे हाच 16 भागिले रेनॉल्ड्स नंबर होतो, हा फॅनिंगचा एफ, दार्सीच्या एफच्या एक चतुर्थांश. एफ वाचायचा चार्ट वापरायच्या आधी कुठला एफ आहे ते बघाच, नाहीतर उत्तर थेट चारपट चुकतं.)

टर्ब्युलंटचं कोडं सुटायला 1933 उजाडलं. गॉटिंगेनला निकुराडसेने पाईपच्या आतून एकसारख्या आकाराचे वाळूचे कण चिकटवून मोजमापं घेतली, पण बाजारातल्या पाईपचा खडबडीतपणा एकसारखा नसतो, त्यामुळे गुळगुळीत आणि पूर्ण खडबडीत वागणुकीच्या मधल्या ट्रान्झिशन पट्ट्यात त्याचे कर्व्ह खऱ्या पाईपला लागू पडेनात. ते जुळवलं कोलब्रुकने, 1939 मध्ये. त्याच्या समीकरणात एफ दोन्ही बाजूंना आहे, एका बाजूला लॉगच्या आत, म्हणून तो सरळ निघत नाही आणि तेव्हा हाताशी स्लाइड रूल होता. राऊसने चार्ट काढला, आणि 1944 मध्ये प्रिन्स्टनच्या मूडीने अक्ष बदलून आपण वापरतो तो चार्ट केला.

इथे एक गोष्ट हरवली, तिची मला खरंच हळहळ वाटते. राऊसच्या चार्टवर एक अक्ष रेनॉल्ड्स नंबर गुणिले एफचं वर्गमूळ असा होता. हेड लॉस दिलाय आणि डिस्चार्ज (दर सेकंदाला किती पाणी वाहतं ते) काढायचाय अशा गणितात या राशीतून वेग उडूनच जातो, उरतात फक्त व्यास, लांबी, हेड लॉस आणि व्हिस्कॉसिटी, म्हणजे कोलब्रुकमधून एफ एका झटक्यात मिळतो. मूडीचा चार्ट वाचायला सोपा, पण त्यावर याच गणिताला एफ धरा, वेग काढा, परत एफ बघा असं करत बसावं लागतं, आणि कॉलेजात तीच पद्धत रुळली.

व्यास काढायच्या गणिताला मात्र ट्रायल टळत नव्हती. त्यावर 1976 मध्ये आपल्या भारतातल्या स्वामी आणि जैन यांनी एफ, डिस्चार्ज आणि व्यास तिन्हींसाठी थेट सूत्रं दिली, थोड्या अंदाजाची पण डिझाइनला पुरेशी, आणि आज एक्सेलमध्ये पाईप साइझिंग करताना तीच सूत्रं बरेच जण टाकतात.