सांधा बदलायचा की नाही, हे ठरवण्याआधी

“गुडघ्यातली गॅप संपलीय, वाटी बदलावी लागेल,” असं कुणीतरी सांगितलं म्हणून आमच्या क्लिनिकमध्ये येणारे बरेच असतात. एक्स-रे टेबलावर ठेवतात आणि विचारतात, “मग ऑपरेशन कधी?” आम्ही फोटो बाजूला ठेवतो आणि आधी दुसरंच विचारतो. जिना उतरताना कठडा धरावा लागतो का? दुखण्यानं रात्री जाग येते का? किती चाललं की टेकावंसं वाटतं? दुखतंय म्हणून कुठली कामं सोडून दिलीत?

निर्णय या उत्तरांवर ठरतो. फोटोत हाडाला हाड लागलेलं दिसतं तो माणूस रोज फिरायला जातो, आणि थोडीशीच झीज असलेला खुर्चीतून उठताना कळवळतो, असं नेहमी होतं. एक्स-रे लागतोच, पण तो उभं राहून काढलेला हवा. झोपून काढला की सांध्यावर वजन येत नाही आणि झिजलेली फटही रुंद दिसते. उतारवयातल्या साध्या झिजेला एमआरआय बहुतेक वेळा लागत नाही. गुडघ्यातल्या गादीला बारीक चीर तर न दुखणाऱ्या गुडघ्यांतही सापडते. मग रिपोर्टात ‘फाटलंय’ वाचून माणूस उगाच धास्तावतो.

झिजतं काय, दुखतं काय

हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं, जेमतेम काही मिलिमीटर जाडीचं. त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. म्हणून झीज सुरू झाल्यावर बराच काळ पत्ता लागत नाही, आणि झिजलेलं फारसं भरूनही येत नाही. दुखायला लागतं ते सांध्याचं आतलं आवरण सुजल्यावर किंवा खालच्या हाडावर ताण आल्यावर. ‘वंगण संपलं’ असं सगळे म्हणतात खरं. पण सुजलेल्या गुडघ्यात पाणी उलट जास्तच साठतं.

आमवात हे निराळं प्रकरण. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आवरणावर उलटते. ओळखायची सोपी खूण सकाळी सापडते. झिजेच्या संधिवातात उठल्यावरचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो. आमवातात तो तासभर किंवा त्याहूनही जास्त राहतो, आणि बऱ्याचदा दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात. असं असेल तर आधी संधिवाततज्ज्ञांना दाखवा. आमवाताची औषधं लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात, ऑपरेशनच्या टेबलापर्यंत येण्याची वेळच बऱ्याच जणांवर येत नाही.

खुब्याचा सांधा फसवतो. तो दुखतो जांघेत, आणि कधीकधी चक्क गुडघ्यात. गुडघ्याचा फोटो चांगला असूनही गुडघा दुखत असेल, तर खुबा तपासून घ्या.

एकच सांधा अचानक लाल, गरम झाला, हलवताच येईना आणि अंगात ताप असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. आत जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

ऑपरेशनाआधी करून पाहायच्या गोष्टी

मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा खरा आधार. पाय लांब करून बसा, टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि गुडघ्याची मागची बाजू खाली दाबा. वाटीच्या वरचा स्नायू टणक झालेला बोटांना लागला पाहिजे. लागत नसेल तर व्यायाम होत नाहीये. पाच सेकंद धरून सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

वजनाचं गणित ऐकायला कोणाला आवडत नाही, तरी सांगतो : वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. दारातून आत येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची काठी आम्ही बोलायच्या आधी दुसऱ्या हातात देतो.

सांध्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शननं काही आठवडे, फार तर काही महिने आराम पडतो. मधुमेह असेल तर नंतर काही दिवस साखर वाढते. आणि सांधा बदलायचा विचार असेल तर इंजेक्शन आणि ऑपरेशन यांत किमान तीन महिने जाऊ द्यावे लागतात, नाहीतर संसर्गाचा धोका वाढतो. दुर्बिणीतून सांधा ‘धुऊन’ घेण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर दोनदा विचार करा. २००२ साली १८० रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात काहींना फक्त वरवरचे छेद दिले होते, आत काहीच केलं नव्हतं. तरी त्यांना आणि धुऊन घेतलेल्यांना सारखाच आराम पडला.

बदलतात म्हणजे काय करतात

‘वाटी बदलणं’ हा शब्द रूढ झालाय, पण मुख्य काम वाटीचं नसतंच. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची झिजलेली टोकं जेमतेम सेंटिमीटरभर कापून त्यांवर धातूची टोपणं बसवतात आणि मध्ये खास प्लॅस्टिकची चकती घालतात. वाटी जागेवरच राहते. काहींच्या वाटीला मागून प्लॅस्टिकची टिकली लावतात. झीज एकाच बाजूला असेल तर अर्धा सांधा बदलून भागतं. वय कमी आणि पाय बाकदार असेल तर हाड कापून पाय सरळ करण्याचाही पर्याय असतो. तो आधी विचारून घ्या.

बदललेल्या गुडघ्यांपैकी दहातले आठ पंचवीस वर्षांनंतरही टिकलेले आढळतात. मात्र साधारण पाचातल्या एकाला गुडघा बदलूनही पूर्ण समाधान मिळत नाही. हे ऑपरेशनाआधी सांगितलेलं बरं, म्हणून इथे छापलंय. जंतुसंसर्ग आणि पायात रक्ताची गुठळी हे दोन धोके कमी असले तरी खरे आहेत. साखर आटोक्यात आणणं आणि किमान चार आठवडे आधी तंबाखू, सिगारेट बंद करणं हे तुमच्या हातात आहे.

घरी गेल्यावर

बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका : गुडघा वाकलेलाच राहायची सवय लागते आणि पुढे तो सरळ करणं महाकठीण. उशी टाचेखाली घ्या. छेदाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, काही महिने गुडघा कोमट लागणं, चालताना टकटक, यांत घाबरण्यासारखं काही नाही. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा जखमेतून स्राव येऊ लागला तर लगेच फोन करा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालयात जा.

पहिल्या भेटीला जुने एक्स-रे, चालू औषधांची यादी (रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आवर्जून) घेऊन आणि गुडघ्याच्या वर सहज सरकेल अशी सैल विजार घालून या.