पाच सेंटिमीटरची उडी

इंदूरला आमच्या टेनिस कोर्टाच्या जाळीबाहेर रविवारी सकाळी दहा-बारा पालक बसतात. पोहे-जिलेबी झालेली असते, त्यामुळे आवाजाला जोर असतो. "अगं, पळ ना!" पोरीचा चेंडू हुकला की खापर तिच्या पळण्यावर. मीही त्यातलाच होतो. मग एकदा मोबाइलवरचं चित्रण सावकाश करून पाहिलं. कन्या पळत होती छानच, पण निघतच उशिरा होती.

एकेरीचं कोर्ट 8.23 मीटर रुंद, म्हणजे मधोमध उभं राहिलं तर कड चार मीटरवर. समोरच्या बेसलाइनवरून (कोर्टाच्या मागच्या रेघेवरून) चेंडूला 23.77 मीटर यायचं असतं. ताशी 72 किलोमीटर सरासरी वेग धरला तर सुमारे 1.2 सेकंद मिळतात. त्यातले 0.2 सेकंद डोळ्यांनी पाहून मेंदूने हुकूम सोडण्यातच जातात. वेळ वाचवायचा तो इथे, आणि त्यासाठी खेळाडू 'स्प्लिट स्टेप' घेतात : समोरचा फटका मारतो त्या सुमारास दोन्ही पायांवर एक बारीक उडी. 2014 साली इंदुरात भारत आणि चायनीज तैपेईची (म्हणजे तैवानची) डेव्हिस कप ही देशादेशांमधली टेनिस लढत झाली, आपण 5-0 जिंकलो. तेव्हा सगळ्यांच्या नजरा चेंडूवर; पाय कोण बघतो?

उभ्या-उभ्या उडी मारून फायदा काय? कॅरम आठवा. मोकळ्या बोटाने स्ट्रायकर ढकलला तर तो रांगत जातो. तेच बोट अंगठ्याने अडवून सोडलं तर सणसणत जातो. स्नायूला पूर्ण जोर धरायला क्षणभर लागतो. अंगठा तो क्षण मिळवून देतो. पायांच्या बाबतीत अंगठ्याचं काम जमीन करते. खाली येणारं शरीर थोपवताना पोटरी आणि मांडी ताणाखाली जोर धरतात, टाचेमागची कंडरा (जिला आपण उगाच 'शीर' म्हणतो) रबरासारखी ताणली जाते, आणि दिशा कळताच हा साठा सुटतो. मात्र टेकल्यावर रेंगाळलात तर साठा उष्णता होऊन वाया जातो.

घरच्या काट्याच्या वजनयंत्रावर उभं राहून झटकन गुडघे वाकवून थांबा. काटा आधी घसरतो, मग तुमच्या वजनाच्याही वर उसळतो. उडीनंतर टेकताना ही उसळी आणखी मोठी. घर्षण या दाबाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून त्याच क्षणी बूट न घसरता आडवा रेटा जास्त देता येतो. (स्टेशनवरच्या यंत्रातून वजनाच्या तिकिटामागे भविष्यही निघायचं. अंगठ्या-गंडे बांधून कोर्टावर येणाऱ्यांनी पुढचा अर्धा सेकंद सांगणारा हा काटा बघावा. 'वेग वाढवणाऱ्या' महागड्या बुटांच्या जाहिरातींनाही हेच लागू.)

आता माझा आवडता हिशेब. उडीची उंची h आणि गुरुत्वाकर्षणाचं त्वरण g असेल तर हवेतला वेळ 2√(2h/g). पाच सेंटिमीटरला हा वेळ येतो 0.2 सेकंद, म्हणजे मेंदूला लागतो नेमका तेवढाच! फटक्याच्या क्षणी पाय सुटले तर दिशा कळते तेव्हाच ते टेकतात. उंची चौपट केली, वीस सेंटिमीटर, तर वेळ दुप्पट, 0.4. दिशा कळूनही 0.2 सेकंद तुम्ही हवेत लटकलेले, रेटायला पायाखाली जमीनच नाही. तेवढ्यात आपला चेंडू चार मीटर पुढे आलेला असतो. तरबेज खेळाडू तर हवेतच दिशा ओळखून लांबचा पाय आधी टेकवतात : डावीकडे जायचं तर उजवा.

आमच्या कन्येची उडी अजून पंधरा सेंटिमीटरची आहे. मी हल्ली जाळीबाहेरून "पळ" ऐवजी "कमी उड" ओरडतो, आणि शेजारचे काका खुर्ची जरा लांब सरकवून बसतात.