ड्रोनने खाद्यपदार्थांची पोच : शहरी चाचण्या

उपाहारगृहातील तयार अन्न ड्रोनने गिऱ्हाइकाच्या घरी नेता येते का, हे दाट वस्तीत पडताळून पाहण्याचे प्रयोग. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली डॉमिनोजचा पिझ्झा असा पोचला. कॅनबेरात २०१९ मध्ये ‘विंग’ कंपनीला नियमित सेवेची परवानगी मिळाली. पंख्यांच्या आवाजाने तेथील रहिवासी वैतागले, तर २०२१ मध्ये डोमकावळ्यांनी झडपा घातल्यामुळे एका उपनगरातील उड्डाणे काही काळ थांबली. झोमॅटोने जून २०१९ मध्ये जाहीर केलेल्या चाचणीत ५ किलो भार घेऊन ५ किमी अंतर सुमारे १० मिनिटांत कापले होते. आकडे चांगले आहेत. पण शहरातली खरी अडचण अंतराची नाही, उतरण्याची आहे.

बडोद्याचे उदाहरण घ्यावे. ‘ड्रोन नियम, २०२१’ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किमीचा पट्टा पिवळ्या क्षेत्रात मोडतो आणि तेथे जमिनीपासूनच हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. त्याहून जवळच्या लाल क्षेत्रात केंद्र सरकारची. मांडवी, दांडिया बाजार हा जुना भाग हरणी विमानतळापासून सरळ रेषेत जेमतेम ५ किमीवर आहे. म्हणजे यंत्र उडवण्याआधी कागदपत्रेच फिरवावी लागणार.

पुढचा प्रश्न मालाचा. बडोद्याची शेव-उसळ म्हणजे वाटाण्याची उसळ, वर पातळ तिखट तरी, शेव आणि पाव वेगळे. बहुपंखी ड्रोन पुढे जाताना पुढे कलतो आणि थांबताना मागे. डब्यातली तरी त्याबरोबर हिंदकळते, भाराचा तोल सरकतो आणि तो सावरण्यात बॅटरी खर्ची पडते. पिझ्झा मुकाट बसून राहतो. पातळ रस्सा बसत नाही. अशा पदार्थासाठी डबा काठोकाठ भरून घट्ट झाकलेला हवा.

काही ड्रोन उतरत नाहीत, हवेत स्थिर राहून दोरीने पुडके खाली सोडतात. अंगण असेल तर हे सोपे. वाड्यांच्या गल्लीत वर विजेच्या तारा, आणि सोसायटीच्या गच्चीवर टाक्या, डिश अँटेना, वाळत घातलेले कपडे. शिवाय गच्चीची किल्ली बहुधा सेक्रेटरीकडे! चौथ्या मजल्यावरून गच्चीवर धावत जाण्यापेक्षा दारात येणारा डिलिव्हरीवाला लोकांना परवडतो.

पुरात हिशेब बदलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये विजयवाड्यात पाण्याने वेढलेल्या वस्त्यांत ड्रोनने अन्न व पाणी पोचवले गेले. त्याआधी ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुराने बडोद्यातील अनेक सोसायट्या अशाच अडकल्या होत्या. येथील चाचण्यांचा विचार जेवणाच्या ऑर्डरींपेक्षा या कामासाठी आधी व्हावा.

दिवस मात्र पाहून ठरवावा. १४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायण व वासी उत्तरायणाला, गच्च्यागच्च्यांवरून पतंग चढलेले असतात आणि पंख्यात मांजा गुंतला की ड्रोन खाली आलाच.