धायटीची फुलं: पाकिटात काय आहे आणि ते कशासाठी वापरायचं

पाकीट उघडल्यावर बरेच ग्राहक विचारतात, "यात पाकळ्या कुठे आहेत?" आहेत, पण शोधाव्या लागतात. धायटीच्या फुलात डोळ्यांत भरते ती लाल, किंचित वाकलेली नळी, आणि ती असते निदलपुंजाची, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरच्या आवरणाची. लांबी जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. नळीच्या तोंडाशी सहा दाते, त्यांच्या मधून डोकावणाऱ्या सहा बारीक पाकळ्या आणि बाहेर आलेले बारा पुंकेसर. वाळल्यावर पाकळ्या आणि केसर आक्रसून जातात. नळी मात्र आकार टिकवते आणि बराचसा रंगही. एखादं फूल कोमट पाण्यात भिजवून सुईने उभं चिरलंत तर तळाशी इवलीशी बोंडीही दिसेल. जरूर करून पाहा, मुलांना तर फार आवडतं.

धायटी हे मेंदीच्या कुळातलं झुडूप. डाळिंब आणि आपलं राज्यफूल ताम्हण हेही त्याच कुळातले. शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. संस्कृतात धातकी, ताम्रपुष्पी, वह्निज्वाला. उंची पुरुष-दीड पुरुष, फांद्या लांब आणि बाहेर झुकलेल्या, साल पातळ, तांबूस आणि ढलप्या सुटणारी. पानं समोरासमोर येतात, देठ जवळजवळ नसतोच. डोंगरात शंका आली तर पान उलटून बघा: खालची बाजू राखट पांढरी आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके असतील तर ती धायटीच.

सह्याद्रीच्या उघड्या, खडकाळ उतारांवर, घाटरस्त्यासाठी कापलेल्या दरडींवर, किल्ल्यांच्या तटातल्या फटींत ती सहज रुजते. जिथे माती धड वीतभरही नाही तिथे ती उभी राहते, तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. हिमालयात साधारण 1500 मीटरपर्यंत, तसंच श्रीलंका, म्यानमार आणि पार मादागास्करपर्यंत तिचा वावर आहे. जावा बेटावरच्या जामू या पारंपरिक औषधांतही ती पडते. जानेवारी ते एप्रिल हा तिचा बहर. पानं बरीचशी गळालेली असतात आणि फांद्या टोकापर्यंत लालभडक होतात. त्या दिवसांत डोंगर कोरडा ठणठणीत असतो, त्यामुळे शिंजीर आणि मधमाश्या या फुलांवर तुटून पडतात. गुराखी पोरंही फुलं खुडून त्यातला मध चोखतात.

एक घोळ इथेच निस्तरू. धायटी म्हणजे धावडा नव्हे. लाडवांत घालतात तो डिंक धावड्याचा. तो मोठा वृक्ष, हिरडा-अर्जुनाच्या कुळातला. धायटीला काही भागांत धावस किंवा धायफूल म्हणतात, त्यामुळे फोनवर मागणी नोंदवताना दोघांची अदलाबदल होते. आम्ही फुलं विकतो, डिंक नाही.

आता कामाचं. फूल लाल असलं तरी त्याची खरी किंमत त्याच्या तुरटपणात आहे. वाळलेल्या फुलांत वजनाचा साधारण पाचवा हिस्सा टॅनिन असतं. एक फूल दाढेखाली धरा, जीभ लगेच आवळल्यासारखी होईल. या झाडाचे जुने उपयोग जवळजवळ सगळे या एका गुणावर उभे आहेत. चरकसंहितेत धातकी मल बांधून ठेवणाऱ्या गणात येते, आणि तुटलेलं-फाटलेलं सांधणाऱ्या गणातही. जुलाब, आव, अंगावरून जास्त जाणं, जखमेतून वाहणारं रक्त, अशा ठिकाणी वैद्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली आहे. तरीही आमची कळकळीची विनंती आहे की पाकिटातली फुलं स्वतःच्या मनाने पोटात घेऊ नका. गरोदर बायका आणि लहान मुलांच्या बाबतीत तर वैद्यांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

वैद्य मंडळी आमच्याकडून ही फुलं नेतात ती मुख्यतः आसवारिष्टांसाठी. बाळंतिणीला देतात ते दशमूलारिष्ट, शिवाय अशोकारिष्ट, अर्जुनारिष्ट, कुमार्यासव, या सगळ्यांत धायटी पडते. काढ्यात गूळ किंवा मध घालून, वर धायटीची फुलं टाकून भांड्याचं तोंड बंद करतात आणि ते आठवडेच्या आठवडे ठेवून देतात. फुलातल्या मधावर रानातलं यीस्ट वाढलेलं असतं, ते काढ्यातली साखर आंबवायला लागतं. म्हणूनच आसवाच्या बाटलीवर स्वयंजनित मद्याचा उल्लेख असतो. फुलं धुऊन, उकळून घातली तर हे यीस्ट मरतं; आम्ही ती फक्त निवडून, झटकून देतो, त्याचं हे कारण.

रंगकाम करणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. फूल लाल म्हणून कापड लाल होईल ही अपेक्षा ठेवू नका. रंग पक्का धरून ठेवणारी तुरटी सुती कापडावर नीट बसत नाही, तिला आधी टॅनिनची पकड लागते. हिरडा हे काम करतो, तसंच धायटीही करते. आल (बारतोंडी) किंवा मंजिष्ठेचा लाल रंग त्या पकडीवर चढतो. रेशीम आणि लोकर तुरटी स्वतःच धरतात, त्यांना एवढी गरज नसते. कापड आधी खळ निघेपर्यंत धुऊन घ्या. कापडाच्या वजनाइतकी फुलं रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर तासभर ठेवा, गाळा, आणि त्या पाण्यात कापड बुडवा. मग तुरटीचं पाणी. नुसती धायटी आणि तुरटी वापरलीत तर फिकट बदामी छटा मिळते. लोखंडाच्या पाण्यात बुडवलंत तर तेच कापड राखाडी, नंतर काळपट होतं. लोखंड बेताने घाला, जास्त झालं तर सूत कमजोर पडतं.

माल ताजा आहे का, हे घरीच तपासता येतं. चिमूटभर फुलं पेलाभर गरम पाण्यात टाका, थोड्या वेळाने पाणी चहाच्या रंगाचं होईल. त्यात गंजलेला खिळा सोडा. पाणी निळसर काळं झालं की टॅनिन शाबूत आहे. चांगल्या फुलांचा रंग विटकरी असतो. जुनी होतील तशी ती तपकिरी पडतात. नळीच्या तळाशी टणक, फुगीर बोंड हाताला लागत असेल तर फुलं उशिरा, बी धरल्यावर खुडली आहेत असं समजा. अशी फुलं आम्ही वेगळी काढतो. काड्या आणि पानांचा चुरा मिसळून वजन वाढवणं या धंद्यात सर्रास चालतं, म्हणून कुठूनही घेतलीत तरी मूठभर फुलं कागदावर पसरून बघूनच घ्या.

ही फुलं लागवडीची नाहीत. जुन्नर आणि अकोले तालुक्यांतल्या डोंगरउतारांवर राहणारी ठाकर आणि महादेव कोळी कुटुंबं ती हाताने खुडून, सावलीत वाळवून आम्हाला देतात. फांदी ओरबाडली की काम लवकर होतं, पण त्या फांदीवर ना बी धरतं, ना पाखरांना मध उरतो. म्हणून फांदी मोडून आणलेला माल आम्ही घेत नाही, आणि झुडपाची निम्मी फुलं झुडपावर राहू द्यायची असं घरटी ठरलेलं आहे. आमचा भाव बाजारापेक्षा चढा वाटला तर त्यामागे हे आहे. एखाद्या वर्षी अवकाळी पावसाने बहर झडतो. तेव्हा आम्ही मागणी कमी घेतो, दुसरीकडून माल आणून भरत नाही.

फुलं घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेड आणि ओल लागणार नाही अशी ठेवा. पावसाळ्याआधी एकदा ऊन न दाखवता वाऱ्यावर पसरून घ्या, म्हणजे बुरशी धरणार नाही. वर्षभरात वापरून टाका. नवा माल एप्रिलच्या शेवटी येतो. मोठी मागणी असेल तर होळीपूर्वी कळवा, म्हणजे तेवढीच खुडायला सांगता येतील.