लेबलवरचा ‘परफ्यूम’ आणि त्यामागची पन्नास वर्षं

क्रीम, शाम्पू, डिओ काहीही उचला, मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते आणि त्यात कुठेतरी ‘परफ्यूम’ नाहीतर ‘फ्रॅग्रन्स’ असं लिहिलेलं असतं. बाकीची नावं वाचताना जीभ अडखळते, हे एकच काय ते ओळखीचं वाटतं, म्हणून आपण त्यावरून नजर पुढे सरकवतो. पण यादीत सगळ्यात जास्त दडलेलं असतं ते याच शब्दात, कारण तो एक घटक नसतोच, त्याच्या पोटात कधी दहा-बारा तर कधी शंभरच्या वर रसायनं असतात. कॉस्मेटिकमध्ये काय काय घालता ते सांगा अशी मागणी करणारी अमेरिकेतली चळवळ वीसेक वर्षं फिरून फिरून याच शब्दापाशी येतेय.

सुरुवात थोडक्यात सांगतो. १९३३ च्या सुमारास तिकडे पापण्या काळ्या करायच्या एका डायमुळे बायकांची दृष्टी गेली, त्यावर बराच गदारोळ झाला आणि १९३८ चा कायदा आला, पण त्यात घटक छापायची सक्ती नव्हती. ती आली १९६६ च्या पॅकिंगच्या कायद्यावरून, आणि त्याचे कॉस्मेटिकसाठीचे नियम १९७३ मध्ये निघाले. आता या १९६६ च्या कायद्यातच एक वाक्य होतं, की कुणालाही आपलं ट्रेड सीक्रेट, म्हणजे धंद्यातलं गुपित, उघड करायला लावता येणार नाही. त्याचा अर्थ नियमांत असा उतरला की वासासाठी जे काही घातलंय ते सगळं मिळून ‘फ्रॅग्रन्स’ एवढं लिहिलं तरी चालेल.

कंपन्यांचं म्हणणं असं की वास हीच आमची ओळख, त्यावर वर्षानुवर्षं मेहनत आणि पैसा घातलाय, फॉर्म्युला छापला तर उद्या कुणीही नक्कल करेल. ऐकायला पटतं, आणि छोट्या परफ्यूम बनवणाऱ्याच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. पण चळवळीतल्या लोकांनी याला जे उत्तर दिलं ते मला आजही सगळ्यात दमदार वाटतं. कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफीचं मशीन असतं, त्यात अत्तराचा थेंब टाकला की आत काय काय आहे ते बऱ्यापैकी कळतं, त्यामुळे प्रतिस्पर्धी कंपनीला हवं तेव्हा हे गुपित वाचता येतं, वाचता येत नाही ते फक्त ज्या बाईच्या मानेवर पुरळ उठलंय तिला आणि तिच्या स्किनच्या डॉक्टरला. शिवाय कुणी प्रमाण मागतच नव्हतं, नुसती नावं मागत होते. भाजीत काय काय मसाले आहेत ते सांगितलं म्हणून हाताची चव कुणी चोरू शकत नाही. आणि अजून एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते, ती म्हणजे बऱ्याच ब्रँडना स्वतःलाच पूर्ण यादी माहीत नसते, कारण वास बाहेरच्या कंपनीकडून तयार मिश्रण म्हणून येतो आणि ती कंपनीही तो उघड करत नाही.

याच गोंधळात ‘अनसेंटेड’ हा शब्दही आहे. त्याचा अर्थ वास घातलेला नाही असा होईलच असं नाही, मूळ मालाचा उग्र वास झाकायला सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. ज्याला ॲलर्जी आहे त्याने ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ शोधायचं असतं, आणि हा फरक बहुतेकांना त्रास झाल्यावरच कळतो.

खरी धग लागली २००२ मध्ये. काही संघटनांनी मिळून ७२ प्रॉडक्ट लॅबला पाठवली, ५२ मध्ये थॅलेट निघालं, शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतं असा ज्याच्यावर संशय आहे ते रसायन. थॅलेट वास टिकवायला वापरतात, म्हणजे ते ‘फ्रॅग्रन्स’च्या आत जातं, लेबल कितीही वेळा वाचलं तरी सापडणार नाही. तिथून मोहिमेला एक पद्धत सापडली, बाजारातून माल विकत आणायचा, तपासायचा आणि आकडे जाहीर करायचे. २००७ मध्ये ३३ लिपस्टिक तपासल्या, ६१ टक्क्यांत शिसं निघालं. प्रमाण अगदी कमी होतं, पण नंतर सरकारी तपासणीत ४०० लिपस्टिकमध्ये जास्तीत जास्त ७.१९ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत इतके भाग) आकडा गेला. इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, शिसं हा घटक नाही, रंगद्रव्यांतून येणारी अशुद्धी आहे, म्हणून ते कुठल्याच यादीत बसत नाही, यादी पूर्ण असली तरी. २०१० मध्ये १७ परफ्यूम तपासले, लेबलवर नसलेली एकूण ३८ रसायनं मिळाली, सरासरी एका बाटलीत १४.

त्याच वर्षी ओरेगॉनमधल्या पोर्टलंडचं प्रकरण झालं. तिथल्या पार्लरमधल्या मुलींना केस सरळ करायचं एक औषध वापरताना डोळे चुरचुरायला लागले, श्वास कोंडायला लागला. बाटलीवर लिहिलेलं ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’, म्हणजे डोळ्यांना झोंबणारा हा कॅन्सरकारक वायू यात नाही असं, राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने तपासलं तर ८ टक्क्यांहून जास्त फॉर्माल्डिहाइड. बचाव असा झाला की पाण्यात मिसळल्यावर त्याचं मिथिलीन ग्लायकॉल होतं, मग ते फॉर्माल्डिहाइड कसं? केसांवर गरम इस्त्री फिरली की तोच वायू बाहेर येतो, हे त्या मुलींना कुणी सांगितलं नव्हतं. आणि १९६६ चा कायदा दुकानात विकल्या जाणाऱ्या मालापुरता, पार्लरच्या मालाला यादी छापायची गरजच नव्हती! दिवसाचे आठ-दहा तास जी बाई तो वास नाकात घेते तिलाच काही कळायचं नाही. हे बदलायला कॅलिफोर्नियात २०१८ चा कायदा यावा लागला, त्याने १ जुलै २०२० पासून पार्लरच्या बाटल्यांवरही घटक छापणं सक्तीचं केलं. त्यामागे नेल सलूनमध्ये काम करणाऱ्या, बऱ्याचशा व्हिएतनामी कुटुंबांतल्या बायका आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या संघटना होत्या.

कॅलिफोर्नियाने त्याआधी २००५ मध्येच कॅन्सर किंवा गर्भाला धोका असलेली रसायनं राज्याला कळवायची सक्ती केली होती, पण त्यातही ट्रेड सीक्रेटची पळवाट राहिली. २०१७ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी ०.०१ टक्क्याच्या वरचे वासाचे घटक आपणहून वेबसाइटवर टाकायचं जाहीर केलं, आणि इतकी वर्षं जे जमणार नाही म्हणत होते ते जमतं हे दिसलं. मग २०२० चा कायदा आला, त्याने वासातले आणि चवीतले धोकादायक यादीतले घटक १ जानेवारी २०२२ पासून राज्याला कळवणं भाग पाडलं.

युरोपने हाच प्रश्न जरा वेगळ्या बाजूने सोडवला. तिथे २००५ पासून ॲलर्जी करणारे २६ सुगंधी घटक ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असले तर नावानिशी छापावे लागतात, लावून ठेवायच्या वस्तूत ०.००१ टक्का आणि धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्का. त्या २६ पैकी दोन घटकांवर नंतर बंदीच आली, एकावर २०२१ मध्ये, दुसऱ्यावर २०२२ मध्ये. आता यादी ८० च्या वर गेलीय, नवीन मालाला मुदत ३१ जुलै २०२६ आणि आधीच बाजारात असलेल्या मालाला ३१ जुलै २०२८. अमेरिकेत डिसेंबर २०२२ च्या नव्या केंद्रीय कायद्याने असाच नियम करायला सांगितलं, मसुद्याची तारीख होती जून २०२४, ती मसुदा न येताच उलटून गेली.

आपल्याकडे घटक छापायची सक्ती आहे, एक टक्क्याच्या वरचे उतरत्या क्रमाने आणि बाकीचे कुठल्याही क्रमाने, आणि वास बहुतेक बाटल्यांवर ‘परफ्यूम’ एवढाच असतो. २०२० च्या नियमांतही एक जुनी सूट कायम आहे, ६० मिलीपेक्षा कमी द्रव आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी घट्ट मालाच्या पॅकवर ही यादी नसली तरी चालते. किराणा दुकानात दारापाशी शाम्पूच्या पुड्यांच्या ज्या माळा लटकत असतात, त्या सगळ्या पुड्या या सुटीत बसतात.